हेड न उघडताच हेड गॅस्केटचे बिल

इंजिन थंड ठेवणारे कूलंट इंजिन ऑइलमध्ये मिसळत असल्याचे सांगून सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजने माझ्याकडून ३८,००० रुपये घेतले. कूलंट ऑइलमध्ये जात होते, हे खरे होते. परंतु ज्या कामाचे पैसे घेतले ते काम झालेच नव्हते आणि जे बिघडले होते त्याला कोणी हातही लावला नव्हता. पुण्यात इतर कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

गाडी चार सिलिंडरची, डिझेलवर चालणारी. कूलंटच्या टाकीतली पातळी सारखी खाली जात होती, गाडीखाली मात्र कधी ओल दिसत नव्हती, आणि डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही पुढे गेलेले होते. गॅरेजमालकाने ऑइल भरण्याचे झाकण काढले, त्याच्या आतली पिवळट साय बोटावर घेऊन दाखवली आणि "मॅडम, हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल," असे सांगून मोकळे झाले. हेड म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, आणि त्याखालचा सांधा घट्ट बंद ठेवणारे पातळ पान म्हणजे हेड गॅस्केट. वास्तविक झाकणाखालची साय एवढाच पुरावा पुरेसा नसतो. पावसाळ्यात कोथरूड ते डेक्कन एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचे ऑइल पुरते तापत नाही, आतली वाफ थंड झाकणाखाली साचते आणि धडधाकट इंजिनातही तशी साय धरते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधी झाले असेल, त्याची पातळी वाढली असेल आणि कूलंट घटत असेल, तर पाणी आत जात आहे असे समजावे. पण ते कोठून जाते हा प्रश्न तरीही उरतोच. हेड गॅस्केट, हेडला गेलेला तडा आणि ऑइल कूलर (कूलंटच्या मदतीने ऑइल थंड करणारा भाग) यांपैकी काहीही असू शकते. गॅरेजवाल्याच्या तोंडी पहिल्यांदा गॅस्केटच का येते, हे खर्चाचा आकडा पाहिला की कळते.

गाडी ताब्यात घेताना मी जुने सुटे भाग मागितले. बरीच टाळाटाळ आणि हुज्जत झाल्यावर कामावरच्या मुलाने वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक गॅस्केट आणून दिले. घरी ते उलगडले, तर त्याला सिलिंडरची भोके तीनच होती. मग बिल पुन्हा वाचले. हेड गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे), ऑइल, कूलंट आणि मजुरी, एवढेच. हेड फेसिंगला द्यायचे तर इंजेक्टर काढावे लागतात आणि ते बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घालतात. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरत नाहीत. यांपैकी कशाचीही नोंद बिलात नव्हती आणि फेसिंग कोणत्या वर्कशॉपमध्ये केले त्याची पावतीही नव्हती. त्यातच कूलंट पुन्हा उतरू लागले.

गाडी टो करून भोसरीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हेडवरच्या झाकणावर बॅटरीचा उजेड पाडला. बोल्टांवरच्या कंपनीच्या रंगाच्या खुणा एकसंध होत्या आणि सांध्याच्या कडेला तेलकट धूळ वाळून घट्ट बसलेली होती. हे झाकण काढल्याशिवाय हेडपर्यंत हातच पोचत नाही, म्हणजे हेड उघडलेच नव्हते.

त्यानंतर त्यांनी जी तपासणी केली, ती पहिल्याच गॅरेजमध्ये व्हायला हवी होती. कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रावणाची नळी धरून इंजिन चालवले. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्या द्रावणाचा रंग पालटतो, तो पालटला नाही. इंजिन थंड झाल्यावर टाकीला हातपंप जोडून सुमारे १ बार दाब दिला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा बराच खाली आला होता. मग ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट त्यांनी अगदी हळू सैल केला. "ताई, बघा, आधी काय येतंय." ऑइलच्या आधी हिरव्या कूलंटची धार आली, कारण कूलंट ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. ऑइल कूलर उतरवून त्याची तोंडे बंद केली, आत हवा भरून तो पाण्यात बुडवला, तेव्हा एका सांध्यातून बुडबुडे निघाले.

कूलरच्या गळतीची एक खूण अशी की, इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असल्याने ऑइल कूलंटमध्ये शिरते. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब जातो, पण गरम कूलंटचा दाब काही वेळ टिकतो, आणि मग कूलंट ऑइलमध्ये उतरते. माझ्या कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग पहिल्या दिवसापासून होता. तो त्या गॅरेजमालकाला दिसला नसेल, हे पटत नाही. नवा कूलर, कूलंटच्या मार्गाची सफाई, ऑइल व फिल्टर आणि थोडे चालवून पुन्हा एकदा बदललेले ऑइल, या सगळ्याचा खर्च आधीच्या बिलाच्या निम्माही झाला नाही. कूलंट मिसळलेल्या ऑइलवर गाडी चालवत राहिले तर बेअरिंग खराब होतात, म्हणून शंका येताच गाडी टो करूनच न्यावी.

हेड उतरवण्यास होकार देण्यापूर्वी कूलंटला असा दाब देऊन केलेल्या प्रेशर टेस्टचा निकाल जॉब कार्डावर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्यावा, आणि हेड उतरवल्यावर आपल्याला बोलावून ते दाखवावे, ही अटही तेथेच लिहावी. मी त्या गॅरेजला लेखी नोटीस दिली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची तयारी चालू आहे. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि सेवेसाठी मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल, ते तीन भोकांचे गॅस्केट, बोल्टांची छायाचित्रे आणि भोसरीच्या मिस्त्रींचा सही केलेला अहवाल तक्रारीसोबत जोडणार आहे.