यामाहा एफजेआर १३००: जुनी घ्यायची तर कोणती?

२००१ मध्ये युरोपात आलेल्या, लांब पल्ल्याच्या या मोटरसायकलचं १२९८ सीसी, चार सिलिंडरचं इंजिन आणि शाफ्ट ड्राइव्ह (साखळीऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणारी रचना) शेवटपर्यंत कायम राहिलं. बदल झाले ते आजूबाजूला. सुरुवातीच्या मॉडेलांत इंजिनाची धग थेट पायांवर यायची. २००६ च्या फेररचनेत फेअरिंग (बाहेरचं आवरण) बदलून ती बरीच कमी केली. त्याच वेळी स्वयंचलित क्लचची आवृत्तीही आली, पण गर्दीत सावकाश वळताना तिची सवय व्हायला वेळ लागतो.

२००६ नंतरच्या काही वर्षांच्या गाड्यांत वायरिंग आधी बघा. अर्थिंगच्या बऱ्याच वायरी एकाच कनेक्टरमध्ये येतात. तिथे पाणी शिरलं की गंज चढतो, रोध वाढतो, कनेक्टर तापून वितळतो आणि मीटर, दिवे मनाला येईल तसे वागतात. प्लास्टिक तपकिरी दिसलं तर नुसतं पुसून भागत नाही.

२०१३ ला राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक्सने चालणारा थ्रॉटल) आणि वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल आलं. सहावा गिअर मात्र २०१६ पर्यंत नव्हता. एवढ्या लांब पल्ल्याच्या गाडीला हा उशीरच म्हणायचा. शिवाय २०१६ लाच आलेल्या असिस्ट-स्लिपर क्लचमुळे (गिअर उतरवताना मागचं चाक अडखळू न देणारा क्लच) क्लचचा लिव्हर हलका झाला. बजेट असेल तर २०१६ पासूनचीच घ्या. मागचा टायर काढाल तेव्हा शाफ्टच्या स्प्लाइनला (दातेरी जोडाला) मॉलिब्डेनम ग्रीस लावायला विसरू नका; कोरडे दाते झिजतात.