आठ आठवड्यांत दोनशे सहा हाडं

यंदा मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "तू ते कम्युनिटी कॉलेजचे झटपट ऑनलाइन कोर्स करतेस ना, कसे आहेत गं?" हातात मसालेभाताची थाळी, मागे ही रांग. तिघींनाही "बरे आहेत" म्हणून मी पुढे सरकले. खोटं नव्हतं ते, पण चार कोर्स केले आणि चारांचे चार अनुभव आले. ते थाळी हातात धरून सांगता येत नाहीत, म्हणून बसून लिहिते आहे.

मी सांगलीची. बी.कॉम., मग पुण्यात नऊ वर्षं एचआरची नोकरी, आणि आता सहा वर्षं डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात. चाळिशीच्या उंबऱ्यावर नर्सिंग करायचं डोक्यात घेतलं. नर्सिंगच्या डिग्रीला अर्ज करण्याआधी इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, अ‍ॅनाटमी असे कितीतरी विषय पुरे करून दाखवावे लागतात. ते मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, करते आहे. नाव लिहीत नाही. वर्षभरात चार कोर्स झाले: आठ आठवड्यांचे दोन, उन्हाळ्यातला पाच आठवड्यांचा एक आणि डिसेंबरच्या सुट्टीतला तीन आठवड्यांचा एक.

आधी हिशेब, कारण फसगत तिथेच होते. इथल्या संघीय नियमाप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. तीन क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याचे ९ तास, एकूण १३५. कोर्स आठ आठवड्यांचा केला म्हणून हे १३५ कमी होत नाहीत. आठवड्याला १७ तास होतात. पाच आठवड्यांत २७, आणि तीन आठवड्यांत ४५, म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. फीसुद्धा क्रेडिटवर असते, त्यामुळे कोर्स छोटा म्हणून एक डॉलरही सुटत नाही. माझ्या नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही. "तीनच आठवडे तर आहेत" हे वाक्य त्याने डिसेंबरात इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी मी ४५ चा आकडा लिहून फ्रिजवर चिकटवला.

मग कॉलेजं हे करतात तरी का? नुसतं गिऱ्हाईक ओढायला नव्हे. आमच्या टेक्ससमधल्या ओडेसा कॉलेजने २०१४ मध्ये बहुतेक सगळे कोर्स आठ आठवड्यांवर आणले. विचार असा, की नोकरी आणि मुलंबाळं सांभाळणाऱ्या माणसाने एका वेळी चार विषय उरावर घेण्यापेक्षा दोन घ्यावेत, ते संपवावेत, मग पुढचे दोन. मध्येच घरी काही उद्भवलं तर दोनच विषय बुडतात, चार नाही. हे मला पटतं. माझं भांडण कुठल्या विषयाला ही घाई चालते आणि कुठल्याला नाही, यावर आहे. ते मात्र नोंदणीच्या वेळी कोणी सांगत नाही.

पहिला घेतला इंग्लिश कॉम्पोझिशन, ऑक्टोबरच्या मध्यापासून आठ आठवडे. कॅनव्हास नावाच्या प्रणालीवर सगळं चालतं. दर सोमवारी नवा धडा उघडतो, बुधवारी चर्चेत आपलं टिपण टाकायचं, रविवारी रात्री ११:५९ पर्यंत दोन वर्गबंधूंना उत्तरं द्यायची. ही चर्चा म्हणजे हळदीकुंकवातले उखाणे. मनात काही असो वा नसो, घ्यावाच लागतो. "छान मांडलंस, मला पूर्ण पटलं" अशा इंग्रजी वाक्यांवर निम्मा वर्ग तरून गेला, त्यात मीही आले. तेही चाललं असतं. पण दर दोन आठवड्यांनी एक निबंध होता, आणि पहिला निबंध तपासून माझ्या हातात आला तेव्हा दुसरा मी देऊन बसले होते. पहिल्यावर बाईंनी लिहिलं होतं, "तुमचा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात सापडतो, तो पहिल्यात हवा." दुसऱ्यातही माझा मुद्दा तिसऱ्याच परिच्छेदात होता. एकाच चुकीचे गुण दोनदा गेले. लिहायला शिकायचं तर लिहावं, कोणीतरी खोडावं, चार दिवस चडफडावं आणि मग पुन्हा लिहावं. ते चडफडायचे चार दिवसच इथे कापलेले असतात. त्यात दिवाळी. चकलीचा सोऱ्या एका हातात आणि फोनवर संदर्भ देण्याचे नियम, असं माझं फराळाचं वर्ष गेलं. चकल्या मऊ पडल्या. या कोर्सला पाचपैकी दोन.

डिसेंबरचा तीन आठवड्यांचा कोर्स टेक्ससच्या राज्यकारभाराचा. इथे सरकारी विद्यापीठातून डिग्री हवी तर सगळ्यांनाच तो करावा लागतो. १८७६ ची राज्यघटना, तिला आजवर पाचशेहून जास्त दुरुस्त्या, आणि विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, तेही १४० दिवसांचं. एवढं मला आज आठवतं. उरलेलं नाताळच्या झाडाबरोबर घराबाहेर गेलं. ए मिळाला. या ए ची मला थोडी लाज वाटते, पण डिग्रीला तीन क्रेडिट लागली हेही खरं. नुसती खूण करायची असेल तर घ्या.

आता अ‍ॅनाटमी अँड फिजिऑलॉजी, भाग पहिला. चार क्रेडिट, मार्च ते मे, आठ आठवडे. पुस्तक ओपनस्टॅक्सचं होतं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा हा उपक्रम २०१२ पासून कॉलेजची पाठ्यपुस्तकं फुकट वाचायला देतो, आणि त्यांना माझा साष्टांग नमस्कार, कारण इथे पुस्तकाची किंमत बघूनच माणूस विषय बदलतो. त्या पुस्तकात २८ प्रकरणं. पहिल्या भागाला १६. म्हणजे आठवड्याला दोन. चौथ्या आठवड्यात अख्खा सांगाडा आला: सोमवार ते बुधवार कवटी, मणका आणि बरगड्या, गुरुवार ते रविवार हातपाय. प्रौढ माणसात २०६ हाडं असतात आणि प्रत्येकाला खाचाखळगे, त्या खाचाखळग्यांनाही नावं. स्पेलिंग चुकलं तर अर्धा गुण कापला. लेकीने मला पीठ मळताना नावं विचारायची आणि मी सांगायची. ती सातवीत आहे. शेवटी 'स्फेनॉइड' तिला माझ्याआधी पाठ झालं.

प्रयोगांची पेटी घरी येते. काचपट्ट्या, चिमटे, आणि हवाबंद पिशवीत गाईचा डोळा आणि मेंढीचा मेंदू. आमच्याकडे त्या वेळी पुण्याहून सासूबाई आलेल्या, आणि पेटी उघडायचा दिवस नेमका संकष्टीचा. "स्वयंपाकघरात नाही हं," एवढंच म्हणाल्या. गॅरेजमध्ये दुचाकीशेजारी घडीचं टेबल टाकून, हातमोजे घालून मी तो डोळा कापला. आतला पडदा मोरपिशी निळा चमकतो. टेपीटम म्हणतात त्याला, गाईला असतो, आपल्याला नसतो. मी हाक मारल्यावर सासूबाई दारापर्यंत आल्या, लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "देवाने आत एवढा रंग कशाला लपवलाय गं?" अख्ख्या कोर्समधला सगळ्यात चांगला तास तो.

पण बाकी? बी मिळाला. ऑगस्टमध्ये सहज म्हणून मनगटाची आठ हाडं मोजायला घेतली. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, आणि पुढे ट्रॅपिझियम आधी का ट्रॅपिझॉइड, इथे गाडी अडली. पाठांतराला रात्री लागतात. आज पाठ केलेलं चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने परत आठवून बघावं तेव्हा ते बसतं. आठ आठवड्यांत तो महिनाच येत नाही. शिवाय एक गोष्ट अर्ज करण्याआधी विचारा: काही नर्सिंग कॉलेजं ऑनलाइन प्रयोगशाळा मान्य करत नाहीत. मी विचारलं नव्हतं. माझ्या यादीतलं एक कॉलेज त्यात गेलं. कोर्सला अडीच, त्यातला अर्धा त्या डोळ्याचा.

आणि आता जो कोर्स मी डोळे मिटून घ्या म्हणेन: स्टॅटिस्टिक्स, जुलैपासून पाच आठवडे. आठवड्याला २७ तास ऐकून छाती दडपली होती, कारण त्याच वेळी आम्ही सांगलीला जाणार होतो. पण गणिताला ही घाई मानवते. काल शिकलेलं प्रमाण विचलन आज लागतं, आजचं उद्या, त्यामुळे विसरायला सवडच मिळत नाही. सोळा आठवड्यांत मधल्या सुट्टीनंतर आपण कुठे होतो तेच शोधावं लागतं, तसं झालं नाही. बी.कॉम.ला मी सूत्रं घोकून पास झाले होते. पी-व्हॅल्यू म्हणजे नक्की काय, हे मला वीस वर्षांनी आईच्या झोपाळ्यावर बसून कळलं.

वेळेचं गणितही सोयीचं पडलं. उन्हाळ्यात डॅलस आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे सांगलीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०:२९. आईची पूजा आटपायची आणि माझी मुदत संपायची, साधारण एकाच वेळी.

अंतिम परीक्षा मात्र कॅमेऱ्यासमोर. आधी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायची: टेबल, जमीन, छत, चारी भिंती. पाऊस धो धो, इन्व्हर्टर चालू, फोनचं हॉटस्पॉट तयार. आईला सांगून ठेवलं, दोन तास आत यायचं नाही, हाक मारायची नाही, कुकरसुद्धा लावायचा नाही. ती म्हणाली, "अगं, परीक्षा आहे का कोठडी?" परीक्षा नीट झाली. दुसऱ्या दिवशी निकालाऐवजी निरोप आला: खोलीत दुसरी व्यक्ती आढळली, गुण रोखले आहेत. मी रेकॉर्डिंगमधला त्या क्षणाचा फोटो उघडला. माझ्या डाव्या खांद्यामागे, भिंतीवर, चंदनाचा हार घातलेले बाबा.

चार दिवस लागले ते सुटायला. सरांना इंग्रजीत लिहावं लागलं, की ती व्यक्ती माझे वडील आहेत आणि ते अकरा वर्षांपूर्वी गेले. त्यांचं दोन ओळींचं उत्तर सभ्य होतं, गुणही पूर्ण मिळाले. आई तेवढी खूश. "म्हणजे ते होतेच की तुझ्या परीक्षेला." मी मात्र त्यानंतर वाचत बसले, तेव्हा कळलं की २०२२ मध्ये ओहायोतल्या संघीय न्यायालयाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या अशाच खोली-तपासणीला अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा, म्हणजे सरकारच्या मनमानी झडतीपासूनच्या संरक्षणाचा, भंग ठरवलं होतं. आमच्याकडे ती चालूच आहे. परीक्षा केंद्रात जाऊन द्यायची सोय असते, आधी विचारलं तर. घरात ठिकठिकाणी पूर्वज लावलेले असतील तर जरूर विचारा. तरी कोर्सला साडेचार.

सोडायचं असेल तर लगेच सोडा. इथल्या सोळा आठवड्यांच्या सत्रात बाराव्या वर्गदिवसापर्यंत नाव काढलं तर गुणपत्रिकेवर डाग नाही. उन्हाळ्यातल्या पाच आठवड्यांत ती मुदत चौथ्याच दिवशी संपते, म्हणजे आपल्याला अजून पासवर्ड पाठ होत असतो तेव्हा. पुढे गुणपत्रिकेवर डब्ल्यू, म्हणजे 'विषय सोडला' असा शेरा, लागतो, आणि टेक्ससच्या सरकारी कॉलेजांत असे जास्तीत जास्त सहाच विषय सोडता येतात. व्हिसाचं म्हणाल तर माझ्यासारख्या एच-४ वाल्यांना (जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना) ऑनलाइन कितीही कोर्स चालतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या भाच्या-पुतण्यांनी मात्र जपून: नेहमीच्या सत्रात त्यांना पूर्णवेळ विद्यार्थी ठरायला लागणाऱ्या क्रेडिटांत एकच ऑनलाइन वर्ग, तोही तीन क्रेडिटपर्यंत, मोजला जातो. आणि नोंदणी करताना पंचांग जवळ ठेवा. कॉलेजच्या कॅलेंडरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते, लक्ष्मीपूजनाची नसते.

अ‍ॅनाटमीचा दुसरा भाग मी सोळा आठवड्यांचा घेतला आहे, मंगळवारी संध्याकाळी, प्रत्यक्ष वर्गात. तिसरा आठवडा चालू आहे. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा उभा असतो. वर्ग सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं मी त्याचं मनगट हातात धरून उभी राहते. ट्रॅपिझियम आधी.

पेटीतला मेंढीचा मेंदू अजून गॅरेजमध्ये आहे, न उघडलेला, वरच्या फळीवर, दिवाळीच्या माळांच्या खोक्याशेजारी. तो प्रयोग शेवटच्या आठवड्यात बाईंनी वेळेअभावी रद्द केला. कोणी पुढच्या सत्राला बसणार असेल तर दसऱ्याच्या आत घेऊन जा, सासूबाई परत येताहेत.