रानजायफळ: बी पेरावं, रोप लावावं, उगवण उचलावी की कलम करावं?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची मायरिस्टिका दलदल, म्हणजे रानजायफळाच्या जातीच्या झाडांची पाणथळ राई, २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. क्षेत्र जेमतेम २.५९ हेक्टर. गोव्यात सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय (देवराई) देवाच्या नावानं टिकून आहे. बांबर्ड्याचं मुख्य झाड रानजायफळ, शास्त्रीय नाव मायरिस्टिका मॅग्निफिका, आणि ते संकटग्रस्तांच्या यादीत आहे. तुमच्या हद्दीतल्या व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, ते वाढवायचं असेल, तर रस्ते चार आहेत.

त्याआधी पाणी बघा. व्हाळाला पाइप लावून वरचं पाणी बागेला वळवलेलं असेल किंवा चर खणून दलदल सुकवलेली असेल, तर यातला कुठलाच रस्ता चालणार नाही. उत्तर कन्नडात अशा कितीतरी दलदलींच्या पोफळीच्या बागा झाल्या.

थेट बी पेरणं सगळ्यात स्वस्त, पण बी साठवता येत नाही. सुकलं की मेलं. फळं तडकायला लागली की दर दोन दिवसांनी झाडाखालचं बी वेचायचं, भोवतीची जायपत्री काढायची आणि आठवड्याच्या आत पेरायचं. तेवढ्यापुरतं ओलसर वाळूत ठेवा. बंद प्लास्टिक पिशवीत ते कुजतं. बी आडवं, अर्धं मातीत, वर पाचोळा. कोंब यायला दीड-दोन महिने सहज लागतात आणि तेवढ्यात उंदीर-घुशी ते फस्त करतात. म्हणून वर बारीक जाळीची टोपली उलटी ठेवून खुंट्यांनी पक्की करा. सावली शाबूत आहे, गुरं येत नाहीत, अशा जागीच हा रस्ता धरावा.

दलदल मोडलेली असेल तर पिशवीतलं रोप बरं. या झाडाचं सोटमूळ लांब जातं. आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळतं आणि झाड पुढे उभं राहत नाही. निदान एक फूट उंचीची पिशवी घ्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, वर दाट शेडनेट. लावताना रोपाची मान पाण्यावर राहील असा काठाचा उंचवटा निवडा. माती ओली हवी, पण कोवळा शेंडा दिवसचे दिवस बुडून राहिला तर रोप जातं.

उगवण, म्हणजे झाडाखाली आपसूक उगवलेली रोपं, उचलताना हात आवरा. झाडाच्या बुडाशी दाटीनं उगवलेली किंवा पुरात वाहून जाणार अशी ओहोळाच्या गाळातली रोपंच घ्या, दोन-चार पानांची, भर पावसात, मातीच्या गड्ड्यासकट. उपटलं की सोटमूळ तुटतं. पानं अर्धी कापून महिनाभर गच्च सावलीत ठेवली तर जीव धरतात. वनखात्याच्या जमिनीतून बी किंवा रोप काढायला परवानगी लागते.

कलमाची भुरळ पडते, कारण या झाडांत नर-मादी वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत रोप काय आहे ते कळत नाही. कलमात ते आधीच ठाऊक असतं. पण एकाच झाडाची पन्नास कलमं म्हणजे एकच झाड पन्नास वेळा. शिवाय बाजूच्या फांदीची काडी बांधली तर झाड आडवंच पसरतं; जायफळ लावणाऱ्या बागायतदारांना हे नवं नाही. रायीत एखादीच मादी उरली असेल तर तिचं वाण राखायला कलम करा, जंगल भरायला नको.

नर-मादीचा प्रश्न बियांच्या रोपांनीही सुटतो, फक्त संख्या लागते. प्रमाण निम्मंनिम्मं धरलं तर तीन रोपं एकाच लिंगाची निघण्याची शक्यता चारात एक, सहा लावली तर बत्तिसात एक. म्हणून एका पट्ट्यात सहा-आठ रोपं लावा आणि बी होईल तेवढ्या जास्त माद्यांखालून गोळा करा.

रोपवाटिकेत ‘जायफळ’ म्हणून मिळतं ते मसाल्याचं झाड, मूळचं बांदा बेटांचं. ते कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागायतीत शोभतं. रोप विकत घेणार असाल तर बी कुठल्या रायीतलं, एवढं आधी विचारा.