आत्मसंयमावरील सहा आठवड्यांचा शास्त्राभ्यास: एका सहभागी व्यक्तीचा अभिप्राय

एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) कुटुंबवत्सल स्त्रीपुरुषांसाठी चालवलेला, ख्रिस्ती आत्मसंयम आणि सेवा या विषयावरचा सहा आठवड्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. अशा वर्गांत बहुधा व्यसन, राग आणि उधळेपणा यांविषयीचा ठरावीक उपदेश होतो, आणि पहिले दोन आठवडे तसेच गेले. बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातील आत्म्याच्या फळाची, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांची, नऊ अंगे पाठ करून घेण्यात आली, आणि इंद्रियदमन, म्हणजे आत्मसंयम, त्यांत शेवटी का येते यावर बराच काथ्याकूट झाला.

तिसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी मार्ककृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायातील ‘कुर्बान’चा प्रसंग घेतला आणि वर्गाचा नूर पालटला. आईवडिलांच्या उपयोगी पडले असते ते देवाला अर्पण केले आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने फटकारले, हे आम्ही अनेकदा वाचले होते. परंतु आठवड्यातील चार संध्याकाळी प्रार्थनासभा, गायनाचा सराव आणि समित्यांच्या बैठका यांत घालवून घरच्या आजारी माणसाची शुश्रूषा एकट्या पत्नीवर सोपवणारा गृहस्थही याच पंगतीत बसतो, असे त्या म्हणाल्या तेव्हा मला मान वर करवेना. मंडळीत कोणालाही ‘नाही’ न म्हणणे म्हणजे समर्पण, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. कौतुकाची हाव आवरता न येणे हाही असंयमच आहे, हे मला कोणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितले नव्हते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:८) घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला प्रेषित पौल विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट म्हणतो, आणि ते वाक्य त्या दिवशी फारच जवळ येऊन बसले.

पाचवा आठवडाही तितकाच सकस होता. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने स्वतःचा भार वाहावा असेही म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत या दोन ठिकाणी दोन निराळे शब्द आहेत, हे दाखवून वारंवार कर्ज काढणाऱ्या भावाचे हप्ते दर वेळी आपणच भरावेत का, यावर जी चर्चा झाली ती कडाक्याची, पण प्रामाणिक होती. काहींना उत्तर पटले नाही, आणि बाईंनीही ते कोणावर लादले नाही.

उणिवा आहेत. सोबतच्या पुस्तिकेत रोज आपल्या वागण्यापुढे खुणा करायच्या चौकटी आहेत. दुसऱ्याच आठवड्यापासून मी त्या रविवारी सकाळी घाईघाईने एकदम भरू लागलो, आणि माझ्यासारखे बरेच निघाले. स्वतःवर ताबा नसलेल्या माणसाला नीतिसूत्रांत (२५:२८) दिलेली तट पडलेल्या नगराची उपमा केवळ रागापुरती वापरून वाया घालवली. शिवाय घरच्यांच्या वेळेचा मान राखा असे शिकवणारा वर्ग दर वेळी अर्धा तास लांबत असे, ही गोष्ट चहाच्या वेळी सर्वजण कुजबुजत, पण उघड कोणीच बोलत नसे.

ज्यांच्यावर मंडळीतील कामे आपोआप येऊन पडतात, त्यांनी हा वर्ग पतिपत्नींनी मिळून करावा. एकट्याने केल्यास तिसरा आठवडा घरी सांगताना सौम्य करून सांगितला जातो, हा माझाच अनुभव. शेवटच्या दिवशी नव्या सेवाकार्यासाठी नावे नोंदवण्याचा कागद फिरवण्यात आला. मी तो काही न लिहिता शेजाऱ्याकडे दिला.