कॉकरचे कान आणि घरचं ग्रूमिंग किट: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

किट ऑनलाइन मागवलं होतं. धुळ्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यावर काढून झाले, म्हणून आता लिहितोय. आमची बिजली कॉकर स्पॅनियल, म्हणजे निम्मी कुत्री आणि निम्मे कान.

सगळ्यात स्वस्त वस्तूच सगळ्यात कामाची निघाली: स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ, अर्धे दाट. गाठी होतात त्या कानामागे, जिथे पट्टा घासतो, आणि टोकांना, जिथे दूध-भाकरी वाळून कडक होते. टोकाकडून वर यायचं आणि गाठीच्या वरचे केस चिमटीत धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. गाठ कात्रीने कापू नका. कातडी गाठीतच ओढली गेलेली असते आणि कधी चिरली जाते कळतही नाही. जेवताना मी जुन्या पायमोज्याची पट्टी करून दोन्ही कान मागे बांधतो. आजीचं त्यावर ठरलेलं: ‘कुत्राना इतला लाड कसाले?’

ट्रिमर बरा आहे, आवाजही कमी. लोंबत्या कानाच्या आतल्या बाजूचे, भोकाभोवतीचे केस बारीक केले की हवा लागते. पातं लवकर तापतं, मनगटाला लावून बघत राहावं लागतं. कात्री मात्र महिन्याभरात बोथट. केस उपटायचा चिमटा आणि पावडर तशीच पडून आहे. कान निरोगी असेल तर आतले केस उपटू नका, उलट सूज येते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कान धुवायचं औषध चांगलं आहे, त्यात स्पिरिट नाही. बाटली मुठीत थोडी कोमट करायची, कानात ओतायचं, बुडाशी चोळायचं. पचपच आवाज आला पाहिजे. मग तिला डोकं झटकू द्यायचं (भिंतीपासून लांब!) आणि दिसेल तेवढंच कापसाने पुसायचं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते, मग आत वळते. काडीने मळ आणखी आत ढकलला जातो. अंघोळीनंतर एकदा पुरतं, रोज नको. आंबूस वास, तपकिरी चिकट मळ किंवा लाली दिसली तर हे औषध बाजूला ठेवून दवाखाना.

पावसाळा सरल्यावर धुळ्याजवळच्या लळिंगकडच्या गवतातून फिरून आलं की आधी कंगवा, मग पाणी. कुसळ केसांतून आत सरकतं आणि मागे येत नाही. एकदम मान वाकडी करून ती कान झाडायला लागली, तर घरी टोकरत बसू नका. जोरजोरात झाडून आतली रक्तवाहिनी फुटते आणि कान रक्ताने फुगतो.

कंगवा, ट्रिमर आणि औषध सुटं मिळालं तर तेवढंच घ्या.