भाचीच्या दत्तकासाठी वकील केला आणि एक लाख एक हजार घालवून बसले

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या माणसामुळे आमच्या घरात जे झालं ते जास्त लागलंय. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते, कुणाच्या घरात असा विषय चालू असेल तर बघा.

2021 च्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण आणि तिचे मिस्टर दोघंही नऊ दिवसांच्या अंतरानं कोविडमध्ये गेले. मुलगी तेव्हा चार वर्षांची. सुरुवातीला ती तिच्या आजीकडे म्हणजे बहिणीच्या सासूबाईंकडे होती, मग त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि त्यांनीच म्हटलं की तूच सांभाळ, तुझ्याकडे आईसारखी राहील. मला एक मुलगा आहे, मुलगी नाही. दोन्हीकडच्या सगळ्यांचं ठरलं की रीतसर दत्तक घेऊ.

2023 च्या ऑगस्टमध्ये वकील शोधला. कसा, तर मोबाईलवर सर्च करून, जो पहिला आला तो. पेजवर घटस्फोट, कस्टडी, दत्तक, सगळ्याची यादी आणि वर "100% गॅरंटी". मला नंतर कळलं की वकिलांना जाहिरात करायलाच परवानगी नाहीये, बार कौन्सिलचे नियम आहेत तसे, आणि गॅरंटी तर कुठलाच शहाणा वकील देत नाही. पण तेव्हा ऑफिस बघून भारावले, काचेचं कपाट, जाडजूड पुस्तकं, लाल फितीच्या फायली, ज्युनिअर मुलगी कॉफी घेऊन येते. म्हणाला, ताई कोर्टाची भानगडच नको, दत्तकपत्र करून देतो, महिन्यात काम. चाळीस हजार फी.

आणि मग त्यानं विचारलं, मुलीच्या वडिलांना भाऊ आहे का? मी म्हटलं हो आहे, चांगला आहे बिचारा. तर खुर्चीत मागे रेलून हसला. "ताई, बापाच्या नावावर फ्लॅट आहे ना? मग काका कस्टडी मागणारच. मी रोज बघतो हे." खरं सांगते, त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. तो म्हणाला आपण आधीच कॅव्हेट टाकून ठेवू, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय ऑर्डर देऊ नका असा कोर्टात अर्ज, मग काकाला परस्पर ऑर्डर मिळणार नाही. बारा हजार. आता कॅव्हेट नव्वद दिवसच चालतं हे खरं आहे, त्यामुळे दर तीन महिन्यांनी "रिन्यू" म्हणून परत बारा हजार, असे पहिले धरून एकूण तीनदा घेतले. वर स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे म्हणून पंचवीस हजार. बेरीज करा, एक लाख एक हजार, आहेर केल्यासारखा आकडा. पावती एकाही पैशाची नाही, अर्धे कॅश आणि अर्धे त्या ज्युनिअर मुलीच्या नंबरवर.

हातात काय मिळालं तर पाचशेच्या बाँडवर टाइप केलेलं दत्तकपत्र, नोटरीचा लाल शिक्का, देणार म्हणून आजींचा अंगठा (सही येते त्यांना, तरी अंगठा, यातच मला संशय यायला हवा होता). कॅव्हेटचा नंबर मागितला तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनानं लिहून दिला. कॉपी मागितली की साहेब रजेवर आहेत, स्टाफ बदललाय, पुढच्या तारखेला देतो.

2024 च्या सप्टेंबरमध्ये मिस्टरांना मस्कतला जॉब लागला म्हणून पोरीचा पासपोर्ट काढायला गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी कागद उलटा केला, सुलटा केला, म्हणाल्या हे तर नुसतं नोटरी आहे, रजिस्टर कुठे केलंय? आणि आईवडील दोघं नसताना आजींनी दिली ती कुठल्या ऑर्डरनं? मला घाम फुटला. पोरगी शेजारी उभी, नवीन फ्रॉक घालून, फोटो कधी काढायचा विचारतेय.

मग ओळखीतून एका वयस्कर वकीलबाईंकडे गेले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. 1956 चा हिंदू दत्तक कायदा आहे, त्यात आईवडील दोघंही वारले असतील तर पालक मूल दत्तक देऊ शकतो पण आधी कोर्टाची परवानगी लागते. कोर्ट बघतं की मुलाच्या हिताचं आहे का, त्याला काय वाटतं आणि कुणी पैसे घेतले-दिले नाहीत ना. म्हणजे जी "भानगड" त्यानं टाळली म्हणाला तेच तर मेन काम होतं. (दुसरा रस्ता कारा, म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नातेवाईक म्हणून नोंदणी करायचा, मावशी त्यात बसते, तिथे जिल्हा बाल संरक्षण कक्षातून काम होतं.) कार्डावरचा नंबर त्यांनी ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला, तर कुणाचा तरी अपघाताचा क्लेम निघाला. कॅव्हेट कधी टाकलंच नव्हतं.

तक्रार बार कौन्सिलकडे केलीये, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली, आणि पोलिसांतही अर्ज दिलाय, दोन्ही चालू आहे. ग्राहक कोर्टात जाऊ म्हटलं तर मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं वकील त्या कायद्यात येत नाहीत असं सांगितलंय, म्हणजे तो दरवाजाच बंद. फायलीतली ओरिजिनल्स, बहिणीचा मृत्यूचा दाखला वगैरे, तो "उरलेली फी द्या मग" म्हणून देईना, तेव्हा बाईंनी कळवलं की फीसाठी फाइल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय. चार दिवसांत कुरिअरनं आली.

तुम्ही वकील कराल तेव्हा केस टाकली म्हणाला की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर, घ्या आणि स्वतः ॲपवर बघा, त्याच्यासमोर नाही, घरी येऊन. सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारा, बार कौन्सिलला खात्री करा. पैसे बँकेतून आणि त्याच्याच खात्यात. आणि बायांनो, आपल्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, 15100 वर फोन करायचा. आमच्या पुण्यात शिवाजीनगर कोर्टातच ऑफिस आहे त्यांचं, मी कितीदा त्याच्या समोरून गेलेय.

आता राहिला तो काका. वर्षभर मी त्याचे फोन घेतले नाहीत. 2023 च्या दिवाळीत तो पोरीसाठी कपडे आणि फटाके घेऊन हडपसरपर्यंत आला होता, मी खालूनच वॉचमनकडे ठेवायला सांगितले. मागच्या महिन्यात नवीन अर्जासाठी त्याचं संमतीचं ॲफिडेव्हिट लागलं तर एका फोनवर रजा टाकून आला, सही केली, फ्लॅटचं पोरीच्या नावावर करून टाका म्हणाला. पोरीला घेऊन समोर उसाचा रस प्यायला गेला. मला आधी ताई म्हणायचा, आता वहिनी पण नाही नि ताई पण नाही, नुसतं "येतो" म्हणाला आणि गाडी काढली.