बीएमडब्ल्यू एम340आय : चौदा महिने, साडेतेरा हजार किलोमीटर आणि तीन टायर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर ही गाडी सरळ घातली की पुढचा बंपर खालून खर्रकन घासतो. तिरकी घातली तर घासत नाही, पण मग डाव्या आरशाला आणि खांबाला जेमतेम वीतभर अंतर उरतं. पहिले आठ दिवस वॉचमनकाका समोर उभे राहून हात हलवायचे. आता ते खुर्चीवरून उठतसुद्धा नाहीत.

गाडी ऑक्टोबर 2024 मध्ये घेतली, वापरलेली. 2021 चं मॉडेल, एकच मालक, तोही पुण्यातलाच. भारतात ही गाडी मार्च 2021 मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत 62.90 लाख होती. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रस्ता कर, त्यावर विमा; म्हणजे पहिल्या मालकाने मोजलेली रक्कम बरीच पुढे गेली होती. मला ती त्याच्या ऑन-रोड आकड्यापेक्षा वीसेक लाखांनी कमीत पडली. अट एकच घातली होती, वाढीव वॉरंटी चालू असली पाहिजे. कंपनीची मूळ वॉरंटी दोन वर्षांची, ती संपलेलीच होती. असली गाडी वॉरंटीशिवाय घेणं म्हणजे विहिरीत उडी मारून मग पाणी किती आहे ते बघणं.

आधी इंजिन. 2998 सीसी, सहा सिलिंडर सरळ रांगेत, एक टर्बो, माझ्या मॉडेलला 387 हॉर्सपॉवर आणि 500 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. शून्य ते शंभर 4.4 सेकंदांत. हे मी चौदा महिन्यांत दोनदा केलं. दुसऱ्या वेळी शेजारी मेव्हणे होते. त्यांनी दाराचं हँडल पकडलं ते लोणावळ्यापर्यंत सोडलं नाही. पण खरी मजा त्या चार सेकंदांत नाही. 1900 आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क हाताशी असतो, त्यामुळे एसटीला ओव्हरटेक करताना ‘जमेल का’ हा प्रश्नच डोक्यात येत नाही. आणि हळू चालवतानाही इंजिन तसंच गुळगुळीत. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत आठव्या गिअरमध्ये काटा 1500 च्या आसपास असतो. बोरघाटात मर्यादा 60, वर कॅमेरे. तिथे तुमच्या पुढची टॅक्सी आणि ही गाडी सारखीच. समृद्धीवर 120 ची मुभा आहे. शिर्डीला चढून नागपूरला गेलो, गाडी घामही न गाळता पोचली. काँक्रीटवर टायरचा घों-घों आवाज मात्र एवढा, की मागे बसलेल्यांशी बोलायला गाणी बंद करावी लागली.

पैसे वसूल होतात ते ताम्हिणी घाटात. सकाळी सहाला मुळशी सोडायचं, गर्दी नसते. वेग साधाच असतो, पण वळणातून बाहेर पडताना मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल बाहेरच्या चाकाला जास्त ताकद देतं आणि गाडी आपोआप वळणात ओढली जाते. चारही चाकांना ताकद असल्यामुळे ओल्या रस्त्यावरही बिचकत नाही. हे लिहून सांगता येत नाही, हाताला कळतं.

आता टायर. याबद्दल मला घेण्याआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे पाच-सात हजार किलोमीटरनंतर पुढचे मागे करून झीज सारखी करायची आपली नेहमीची युक्ती इथे चालत नाही. शिवाय चारही चाकं जोडलेली, म्हणून टायरांच्या झिजेत फार फरक पडला तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या ट्रान्स्फर केसवर ताण येतो. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून येताना पाण्याने भरलेला खड्डा मला डबकं वाटला. डाव्या पुढच्या टायरला फुगा आला, रिमला बारीक वाक. पंक्चरवाल्याने टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, “साहेब, हा टायर घेऊन घरी जाऊ नका.” एक टायर गेला, घ्यावे लागले दोन. तिसरा खिळ्याने गेला, तोही साइडवॉलमध्ये, टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे पंक्चर काढायची सोयच नाही. तो मागचा होता आणि जोडीदार जवळजवळ नवा, म्हणून एकावर भागलं. नव्या चारचा खर्च सव्वा लाखाच्या पुढे जातो हे गृहीत धरा. विमा घेताना टायर-रिमची पुरवणी घ्याच. मी घेतली नव्हती. इंजिन प्रोटेक्टची, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारी, मात्र घेतली होती, कारण जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पढवून ठेवलंय.

दुसरा शत्रू उंदीर. हसू नका. दिवाळीत गावाला गेलो, बारा दिवस गाडी उभी. आल्यावर पडद्यावर दोन इशारे. बॉनेट उघडलं तर आत शेंगांची टरफलं आणि एका सेन्सरची वायर कुरतडलेली. दोष गाडीचा नाही, आमच्या बागेचा. तंबाखूच्या पानांची पुरचुंडी, डांबरगोळ्या, जाळी, सगळे उपाय करून झाले. सर्वांत उपयोगी पडला तो म्हणजे दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून बघणं.

गाडी फार दिवस उभी राहिली की बॅटरीही उतरते. ती डिकीत असते आणि बदलली की गाडीच्या संगणकात तिची नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशोबाने चालू राहतं. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडून पटकन बसवून आणायची वस्तू नाही ती. मी एक छोटा चार्जर घेऊन ठेवलाय.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. तेल सुमारे साडेसहा लिटर लागतं. किती चालल्यावर बदलायचं ते गाडी स्वतः सांगते, पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी आणि इंजिन चालू राहण्याचे तास जास्त, त्यामुळे मी आठ हजारांवरच बदलून टाकतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. पेट्रोल 95 ऑक्टेनच्या खालचं घालत नाही. शहरात लिटरला 6-7, हायवेवर पाय आवरला तर 12. गाडी पुसणाऱ्या पोऱ्याला कोरडं फडकं मारू नको म्हणून तीनदा सांगितलं, चौथ्यांदा मीच बादली घेऊन खाली उतरलो. आता रविवारचा तेवढाच व्यायाम.

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला. अशा सेडानवर सेससकट 48 टक्के होता, तो 40 झाला. नवीन घेणाऱ्यांची चांदी. माझ्या गाडीची किंमत मात्र एका रात्रीत उतरली. विकायची नाही, त्यामुळे दुःख वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोन दिवस जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघण्यातच गेले.

घरच्यांचं मत वेगळं आहे. मुलगा खूश, बायकोला मागची सीट आखडून बसवणारी वाटते. आई पहिल्यांदा बसली तेव्हा गुडघ्यावर हात टेकत म्हणाली, “एवढे पैसे घालून पाटावरच बसायचं होतं, तर घरात काय वाईट होतं?” उतरताना तर तिला दोन्ही हातांनी ओढून काढावं लागतं. त्यामुळे तिला दवाखान्यात न्यायचं असेल तर अजूनही जुनी वॅगनआरच निघते. ती विकायची म्हणून दोनदा ठरवलं होतं, आता तो विषय कुणी काढत नाही.